पुणे शहरातील विवेकी खरेदी

वस्तू विकत घेताना केवळ तिचा दर आणि दर्जा न पाहता ती कोणी, कोठे, कोणत्या द्रव्यापासून आणि कोणत्या परिस्थितीत तयार केली व वापरानंतर तिचे काय होणार, याचाही विचार करून केलेली खरेदी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगभर तिची तीन अंगे ठळक झाली : निसर्गाला कमीत कमी अपाय करणाऱ्या म्हणजे पर्यावरणपूरक वस्तू, टाकाऊ द्रव्यापासून पुन्हा बनविलेल्या वस्तू आणि उत्पादकाला रास्त मोबदला देणाऱ्या न्याय्य व्यापारातील वस्तू. पुणे शहरात या तिन्ही अंगांना दीर्घ पूर्वेतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातील स्वदेशीचे व्रत, विसाव्या शतकातील खादी व हातकागद, १९७४ नंतरची ग्राहक चळवळ आणि १९९३ नंतरचे कचरावेचकांचे संघटन हे त्याचे प्रमुख टप्पे होत. खरेदीदाराच्या पैशातून नेमके कोणाचे भले होते, हा प्रश्न या प्रत्येक टप्प्यावर उपस्थित झालेला दिसतो.

पूर्वपीठिका : यंत्रयुगापूर्वीच्या पुण्यात वस्तू टाकून देण्याची प्रथा जवळजवळ नव्हती. कसबा पेठेतील कागदीपुऱ्यात हातकागद तयार होत असे, तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर हे हातकागदाचे नामांकित केंद्र होते. चिंध्या, गोणपाट, जुने दोरखंड यांसारखे टाकाऊ पदार्थ हाच या कागदाचा कच्चा माल असे. त्याच पेठेतील तांबट आळीत तांब्यापितळेची जुनी भांडी मोडीत घेऊन त्यांच्या धातूपासून नवी भांडी घडविली जात. मोडीचे वजन करून नव्या भांड्याच्या किंमतीतून ते वजा करण्याचा व्यवहार घरोघर परिचित होता. झिजलेल्या भांड्याला कल्हई करणे, जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवणे, बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेणे हे याच व्यवस्थेचे भाग होत. मंगळवार पेठ परिसरातील जुना बाजार व अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांची विक्री यांतून ही परंपरा पुढेही टिकून राहिली.

या व्यवस्थेचे मूळ मात्र निसर्गप्रेमात नव्हे, तर द्रव्याच्या टंचाईत होते. शिवाय जुने व टाकाऊ हाताळण्याचे काम विशिष्ट जातींकडे सोपविलेले असे आणि त्या कामास प्रतिष्ठा नसे. त्यामुळे या जुन्या काटकसरीचे वर्णन करताना तिच्यातील विषमता नजरेआड करता येत नाही.

स्वदेशीचा आरंभ : इंग्लंडमधील यंत्रनिर्मित माल एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारपेठेत आला आणि येथील विणकर, तांबट, कागदी इ. कारागिरांचा धंदा बसत चालला. मूळचे पुण्याचे गोपाळ हरि देशमुख ऊर्फ लोकहितवादी (१८२३–९२) यांनी प्रभाकर साप्ताहिकात १८४८–५० या काळात प्रसिद्ध केलेल्या शतपत्रांत देशी माल वापरण्याचा आग्रह धरला. हा विचार आचरणात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (१८२८–८०) यांच्याकडे जाते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे ते आधारस्तंभ होते. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी खादी वापरण्याची शपथ घेतली आणि ती आमरण पाळली. १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते खादीच्या पोशाखातच उपस्थित राहिले.

जोशी व्रतापाशी थांबले नाहीत. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा नित्योपयोगी वस्तू देशात तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी प्रयत्न केले आणि त्यांच्या विक्रीसाठी पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत इ. ठिकाणी सहकारी तत्त्वावर दुकाने निघावीत यासाठी उत्तेजन दिले. ग्राहकाने निश्चय केला, तरी त्याला हवी ती वस्तू सोयीच्या ठिकाणी मिळाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांची भूमिका यापेक्षा काहीशी वेगळी होती. १८७२–७३ च्या सुमारास पुण्यात दिलेल्या व्यापारविषयक व्याख्यानांत आणि पुढे १८९० मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत त्यांनी भांडवल, पतपुरवठा, तांत्रिक शिक्षण आणि शासनाचे साहाय्य यांवर भर दिला. केवळ ग्राहकांच्या त्यागावर उद्योग उभे राहत नाहीत, असे या मांडणीचे तात्पर्य होते.

याच काळात महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात त्यांनी परदेशी मालामुळे साळी, कोष्टी इ. कारागिरांवर आलेल्या उपासमारीचे वर्णन केले. त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी राष्ट्राची संपत्ती ही अमूर्त कल्पना नसून शेतकरी आणि कारागीर यांचे प्रत्यक्ष जीवन होते. विवेकी खरेदीच्या पुढील इतिहासात हे दोन दृष्टिकोण, म्हणजे देशाचा लाभ आणि श्रमणाऱ्याचा लाभ, कधी एकत्र तर कधी परस्परविरोधी आलेले दिसतात.

वंगभंगानंतरचा काळ : १८९६ मध्ये सरकारने हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर बसविला. लँकाशरच्या हितासाठी लादलेल्या या कराविरुद्ध लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) यांनी परदेशी कापड न वापरण्याचा प्रचार केला. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर बहिष्कार व स्वदेशी ही चळवळ देशव्यापी झाली. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विनायक दामोदर सावरकर व त्यांचे सहाध्यायी यांनी परदेशी कापडाची जाहीर होळी केली. टिळक व शिवराम महादेव परांजपे यांची त्या प्रसंगी भाषणे झाली. या कृत्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढून टाकले. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी मात्र त्याच वर्षी बनारस येथील काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात स्वदेशी आणि बहिष्कार यांत भेद केला. बहिष्कारात दुसऱ्याला इजा करण्याचा हेतू ध्वनित होतो, तर स्वदेशी ही देशप्रेमातून उद्भवणारी विधायक वृत्ती आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या वातावरणात उत्पादनाचेही काही प्रयोग झाले. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या पैसाफंडात प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, अशी योजना होती. अशा वर्गणीतून १९०८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. तेथे कामगारांना काचकामाचे शिक्षणही मिळे. लहान रकमा एकत्र करून लोकोपयोगी कारखाना उभारण्याचा महाराष्ट्रातील हा एक संस्मरणीय प्रयत्न होय.

तथापि याच काळात स्वदेशीच्या मर्यादाही उघड झाल्या. देशी कापडाची मागणी वाढताच मुंबईच्या गिरण्यांना तेजी आली. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आल्याने सूर्यास्तानंतरही काम चालू ठेवणे शक्य झाले आणि अनेक ठिकाणी कामगारांना चौदा-पंधरा तास राबावे लागू लागले. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणणारा कायदा १९११ मध्ये झाला. पुण्यातील ग्राहक जे जादा पैसे देशासाठी म्हणून मोजत होता, ते गिरणीमालकाच्या नफ्यात जात होते. कामगाराच्या वाट्याला बहुधा अधिक तास येत होते. वस्तू देशी असणे आणि ती न्याय्य परिस्थितीत बनलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते. गरीब ग्राहकाचा प्रश्नही होताच : महाग देशी वस्तू घेण्याचे व्रत सुस्थित कुटुंबाला परवडे, मजुराला नव्हे.

खादी व हातकागद : महात्मा गांधींनी यंत्रमालाऐवजी हातमाल हा निकष पुढे केल्यामुळे स्वदेशीचा अर्थ बदलला. हाताने कातलेले व हाताने विणलेले कापड घेतले, तर त्याचे पैसे थेट कातणाऱ्या व विणणाऱ्या ग्रामीण कुटुंबात पोहोचतात, ही त्यामागील कल्पना होती [⟶ खादी उद्योग]. १९३० च्या कायदेभंगात परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधने झाली. पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू हा तरुण गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड नेणाऱ्या मालमोटारीसमोर आडवा पडून मरण पावला.

१९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे सूत्रधार जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (१८९२–१९६०) यांनी खरेदीविषयी एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. एखादी वस्तू शोषणातून निर्माण झालेली असेल, तर ती विकत घेणारा त्या शोषणात भागीदार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाश्चात्त्य देशांत न्याय्य व्यापाराची चळवळ संघटित होण्यापूर्वीच हा विचार महाराष्ट्राच्या भूमीवर मांडला गेला, हे लक्षणीय आहे.

ग्रामोद्योग संघाच्या विचारसरणीचा पुण्यातील चिरस्थायी अवशेष म्हणजे शिवाजीनगर भागातील हातकागद संस्था होय. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये ती स्थापन केली. गिरण्यांच्या कागदामुळे जुन्नर व पुणे येथील कागदी निर्वाह गमावून बसले होते. त्यांच्या कलेचे पुनरुज्जीवन करणे आणि सुधारित साधने व प्रशिक्षण देणे हे संस्थेचे उद्दिष्ट होते. या पद्धतीत कपडे शिवण्याच्या कारखान्यांतील सुती कातरण व चिंध्या निवडून त्यांचे बारीक तुकडे करतात. ते पाण्यासह कुटाई यंत्रात घालून त्यांचा लगदा करतात. हौदातील पातळ लगदा जाळीच्या साच्याने उचलला, की तंतूंचा एकसारखा थर साच्यावर राहतो. हे थर दाबयंत्रात दाबून पाणी काढतात, मग ताव वाळवितात आणि शेवटी घोटून गुळगुळीत करतात. कापसाचे तंतू लांब व चिवट असल्याने हा कागद टिकाऊ असतो आणि त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. चित्रकलेचा कागद, प्रमाणपत्रे, निमंत्रणपत्रिका, पाकिटे, वह्या इत्यादींसाठी त्याचा उपयोग होतो. गिरणीच्या कागदापेक्षा तो महाग पडत असल्याने दैनंदिन लेखनात मात्र त्याला स्थान मिळू शकले नाही. पुनर्निर्मित वस्तूंच्या बाजारपेठेची ही अडचण पुढेही कायम राहिली.

ग्राहक चळवळ : स्वातंत्र्योत्तर काळात टंचाई, साठेबाजी व भेसळ या प्रश्नांमुळे खरेदीदाराच्या हक्कांचा विचार पुढे आला. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली व तिने अनेक कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र विकत घेण्याची पद्धत यशस्वी केली. पुण्यातील टिळक रस्त्यावरील ग्राहक पेठ हे दुकानही याच चळवळीशी निगडित आहे. ग्राहक संरक्षणाचा मध्यवर्ती कायदा १९८६ मध्ये झाला. या चळवळीचा मुख्य रोख रास्त दर, चोख माप आणि शुद्ध माल यांवर होता. म्हणजे ती प्रामुख्याने खरेदीदाराच्या हिताची चळवळ होती. उत्पादक, कामगार व निसर्ग यांचे हित तिच्या विचारात असले, तरी ते केंद्रस्थानी नव्हते. संघटित ग्राहक बाजारावर प्रभाव पाडू शकतो, हा विश्वास मात्र तिने मध्यमवर्गात रुजविला.

कचरावेचकांचे संघटन : पुनर्निर्मित वस्तू विकत घेणाऱ्यास सहसा न दिसणारा दुवा म्हणजे टाकाऊ माल वेचणारा, निवडणारा व भंगार दुकानात पोहोचविणारा श्रमिक. पुण्यात हे काम मुख्यतः दलित स्त्रिया करीत आल्या. कचराकुंड्यांतून कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळे काढून त्या वजनावर विकत. त्यांच्या श्रमामुळे कारखान्यांना कच्चा माल मिळे आणि महानगरपालिकेचा वाहतूक खर्च वाचे. परंतु त्यांना चोर समजून हाकलले जाई व भंगाराचा दर एकतर्फी ठरविला जाई. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. त्यातून आणि हमाल पंचायतीचे नेते बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कामगार संघटना उभी राहिली. तिने सभासदांना ओळखपत्रे मिळवून दिली आणि १९९५–९६ मध्ये महानगरपालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. संघटनेने पतसंस्था व स्वतःची भंगार दुकानेही चालविली.

महानगरपालिका क्षेत्रातील घनकचऱ्याविषयीचे केंद्रीय नियम २००० मध्ये आले आणि घरोघर जाऊन कचरा गोळा करणे बंधनकारक झाले. कचरावेचकांचे काम यामुळे ठेकेदारांकडे जाण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था स्थापन होऊन २००८ मध्ये तिचा महानगरपालिकेशी करार झाला. सभासद दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगळा घेतात. त्यांना घरटी ठराविक शुल्क मिळते आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्नही त्यांचेच असते. सभासदांची संख्या तीन हजारांवर गेली. पहिला करार २०१३ मध्ये संपल्यावर नूतनीकरणाची अनिश्चितता वारंवार निर्माण झाली. तरीही श्रमिकांनी स्वतः चालविलेली व्यवस्था म्हणून तिची देशविदेशांत दखल घेतली गेली. याच वर्षांत उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी शहराच्या कचरा डेपोविरुद्ध दीर्घ आंदोलन केले. शहरातील खरेदीचा शेवट कोणाच्या तरी शेताविहिरीपाशी होतो, हे त्यातून पुणेकरांपुढे आले.

प्लॅस्टिकबंदी व उत्सव : महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक पिशव्या व एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर तिची अंमलबजावणी सुरू झाली. देशपातळीवर एकल वापराच्या काही वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. यामुळे कापडी व कागदी पिशव्यांची मागणी वाढून महिला बचतगटांना शिवणकाम मिळाले. पुण्यात टाकाऊ प्लॅस्टिक पिशव्या धुऊन, त्यांच्या पट्ट्या कापून, चरख्यावर व हातमागावर त्यांच्यापासून पिशव्या व शोभेच्या वस्तू विणण्याचे उद्योगही निघाले. दुसरीकडे कापडासारख्या दिसणाऱ्या, पण वस्तुतः पॉलिप्रॉपिलीनच्या असलेल्या पिशव्या बाजारात कापडी म्हणून सर्रास खपल्या. २०१८ च्या बंदीत त्यांचाही समावेश होता, परंतु सामान्य ग्राहकाला हा भेद ओळखणे कठीण गेले.

गणेशोत्सवात शाडूच्या मूर्तींचा आग्रह हे पर्यावरणपूरक खरेदीचे सर्वांत लोकप्रिय रूप ठरले. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती स्वस्त व हलकी असते, पण पाण्यात लवकर विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती घरच्या घरी विघटित करण्याची पद्धत सुचविली आणि २०१५–१६ पासून महानगरपालिकेच्या साहाय्याने तिचा प्रसार झाला. या प्रक्रियेत कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो व वर उरणारे अमोनियम सल्फेटचे द्रावण खत म्हणून वापरता येते.

चिन्हे व प्रमाणपत्रे : स्वदेशीच्या काळात वस्तूची पारख दुकानदारावरील विश्वासाने होई. बाजारपेठ विस्तारल्यावर ही जागा चिन्हांनी घेतली. नेदरलँड्समध्ये १९८८ साली मॅक्स हॅवलार या नावाने न्याय्य व्यापारातील कॉफीचे पहिले प्रमाणचिन्ह निघाले. जावातील वसाहती शोषणाचे चित्रण करणाऱ्या १८६० च्या डच कादंबरीवरून हे नाव घेतले होते. भारत सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणपूरक वस्तूंसाठी इकोमार्क योजना सुरू केली व मातीचे मडके हे तिचे चिन्ह ठरविले. उत्पादकांचा प्रतिसाद अत्यल्प राहिल्याने हे चिन्ह दुकानांत क्वचितच दिसले. २०२४ मध्ये नव्या नियमांनी योजनेची पुनर्रचना करण्यात आली. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ‘नैसर्गिक’, ‘हरित’ यांसारखे मोघम शब्द वापरणाऱ्याने त्यांचा स्पष्ट आधार देणे आवश्यक ठरले.

मूल्यमापन : सार्वजनिक काकांच्या शपथेपासून दीडशे वर्षांत विवेकी खरेदीचे निकष बदलत गेले. प्रथम वस्तूचा देश पाहिला गेला, नंतर ती करणारे हात, नंतर तिचे माप व शुद्धता आणि अखेरीस तिचा कचरा. प्रत्येक निकषाने आधीच्या निकषातील उणीव दाखविली, परंतु कोणताही एक निकष पुरेसा ठरला नाही. देशी गिरणीत शोषण होऊ शकते. पुनर्निर्मित वस्तूमागील वेचक उपाशी असू शकतो. न्याय्य दराने घेतलेली वस्तू अनावश्यकही असू शकते. जादा किंमतीचा प्रश्न तर आरंभापासून अनुत्तरित आहे. पर्यावरणपूरक वस्तू ही सुस्थित वर्गाची निवड राहिली, तर प्रत्यक्षात कमीत कमी वस्तू वापरणारा आणि त्या झिजेपर्यंत वापरणारा गरीब या विवेचनातून वगळला जातो.

पुण्याच्या अनुभवावरून असे दिसते, की वैयक्तिक व्रताला संस्थेची जोड मिळाली तेव्हाच त्याचा परिणाम टिकला. जोशींची दुकाने, पैसाफंडाचा कारखाना, हातकागद संस्था, ग्राहक पंचायत आणि ‘स्वच्छ’ सहकारी संस्था ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी शेवटच्या संस्थेत टाकाऊ मालाचा व्यवहार करणारे श्रमिक स्वतःच संघटित झाले आणि वस्तूच्या साखळीतील आपला वाटा मागू लागले. ग्राहकाच्या सदिच्छेवर अवलंबून असलेली चळवळ यामुळे हक्काच्या पायावर आली. या दृष्टीने भारतातील विवेकी खरेदीच्या इतिहासात पुणे शहराचे स्थान महत्त्वाचे आहे [⟶ ग्रामोद्योग, ग्राहक चळवळ, स्वदेशी चळवळ].